वायफायची काँट्री

पंचवटीत अमृतधाम, हिरावाडी, आडगाव नाका या भागांत कॉट बेसिसवर राहणाऱ्या पोरांची भांडणं पूर्वी सकाळच्या बाथरूमवरून व्हायची. आता ती वायफायवरून होतात. के. के. वाघ अभियांत्रिकी महाविद्यालय याच बाजूला, मुंबई-आग्रा रस्त्यावर, त्यामुळे खोल्यांना बारमाही मागणी. फ्लॅटमध्ये चार-पाच जण, एकाच्या नावावर कनेक्शन आणि बाकीच्यांची महिन्याची काँट्री. परीक्षेच्या आदल्या रात्री एकजण गेमचं अपडेट लावून जेवायला जातो आणि दुसऱ्याच्या लॅपटॉपवर लेक्चर अडकून बसतं. पैसे सगळ्यांनी सारखे भरलेत. मग अन्याय कुणी केला, आणि कुणावर?

वाटणीचा निम्मा भाग यंत्राने कधीच सोडवला आहे. इंटरनेटच्या जुन्या पद्धतीत जगभरात मिळून सुमारे 4.29 अब्ज पत्ते होते. ते वाटणाऱ्या मध्यवर्ती संस्थेकडचा साठा फेब्रुवारी 2011मध्ये संपला. तरी काम थांबलं नाही, कारण एका पत्त्यामागे अनेक यंत्रं बसवण्याची युक्ती 1994मध्येच मांडली गेली होती, तीही तात्पुरता उपाय म्हणून. आपल्याकडे तात्पुरत्या पत्र्याच्या शेडचं जे होतं तेच तिचं झालं. बाहेरच्या जगाला फ्लॅटचा एकच पत्ता दिसतो. कुणी काय मागितलं हे राउटर लक्षात ठेवतो आणि आलेलं उत्तर ज्याचं त्याला पोचवतो. पत्ता वाटून घेतल्याने कुणाचंच काही कमी होत नाही.

कमी होतो तो वेळ. वायफायच्या एका चॅनेलवर साधारणपणे एका वेळी एकच यंत्र बोलू शकतं, बाकीच्यांनी थांबायचं. आता कोपऱ्यातल्या खोलीतला, दोन भिंतींपलीकडचा जुना मोबाइल घ्या. त्याला तेवढाच मजकूर पाठवायला शेजारच्या लॅपटॉपच्या कितीतरी पट वेळ लागतो. सगळ्यांना सारख्या पाळ्या दिल्या तर त्या एका मोबाइलपायी सगळा फ्लॅट रखडतो. सारखा वेळ दिला तर फ्लॅट पळतो, पण कोपऱ्यातल्याच्या पदरी फारच थोडं पडतं. काही राउटरमध्ये यासाठी चक्क एक बटण असतं. म्हणजे समता पाळीत मोजायची की वेळेत, हा तत्त्वज्ञांचा वाद कारखान्यातून निघतानाच कुणीतरी परस्पर मिटवलेला असतो. पोरांना त्याचा पत्ताही नसतो. कोपऱ्यातली खोली आणि जुना मोबाइल बहुतेकदा त्याच्याच वाट्याला येतो ज्याच्या घरून पैसे कमी येतात, हे त्या बटणाला कळत नाही.

याच मुंबई-आग्रा रस्त्याने शहर ओलांडून मुंबईच्या दिशेला गेलं की त्रिरश्मी डोंगर लागतो, लोकांच्या तोंडी पांडवलेणी. तिथलं दहाव्या क्रमांकाचं लेणं म्हणजेही सामाईक निवासच: मधे मोठा मंडप, भोवती भिक्षूंच्या खोल्या. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने ते लेणं दान दिलं आणि खर्चाची सोय भिंतीवर कोरून ठेवली. गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे त्याने 3000 कार्षापण नाणी ठेवली, मुद्दल कधीच परत न घेण्याच्या अटीवर. त्यातल्या 2000वर महिना शेकडा 1 व्याज, म्हणजे वर्षाला 240. वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्यातल्या मुक्कामाला, राहणाऱ्या 20 भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी 12. हिशेब चोख जुळतो. शिवाय हे सगळं निगमसभेत ऐकवून नोंदवलं गेलं, म्हणजे पुढे कुणी तोंड फिरवायला नको.

लेणं मात्र त्याने त्या वीस जणांच्या नावावर केलं नाही. ते चारी दिशांच्या संघाला दिलं. आज राहणारा, उद्या येणारा, अजून जन्मालाही न आलेला, सगळे त्यात धरलेले. बौद्ध विनयात, म्हणजे भिक्षूंच्या नियमांत, हा भेद पक्का आहे. चीवर वाटता येतं, विहार वाटता येत नाही. तो फक्त आलटून पालटून वापरायचा. आणि जे वाटायचं तेही ज्याच्या त्याच्या हाताने घ्यायचं नाही. त्यासाठी संघाने माणूस नेमायचा, आणि तो आवड, द्वेष, मोह व भय या चार वाकड्या वाटांनी न जाणारा हवा. दब्ब मल्लपुत्त या भिक्षूकडे खोल्या नेमून देण्याचं काम होतं. तो सूत्रपाठ करणाऱ्यांना एकत्र ठेवी आणि ध्यान करणाऱ्यांना वेगळं, एकाचा दुसऱ्याला त्रास नको म्हणून. हॉस्टेलच्या रेक्टरांनी त्याचा फोटो लावायला हरकत नाही.

राउटरला यातलं काय जमतं? द्वेष आणि भय त्याला नाही, हे मान्य. पण परीक्षा कुणाची आणि गेम कुणाचा हे तो आपण होऊन ओळखत नाही. ते ठरवणं माणसाचं काम आहे, आणि ज्याच्या नावावर कनेक्शन त्याच्याच हाती पासवर्ड असला की आवड नावाची पहिली वाकडी वाट तिथूनच फुटते.

पासवर्ड म्हणजे एक दारच, आणि पंचवटीत दार बंद ठेवण्याची गोष्ट निघाली की काळाराम मंदिर आठवणारच. 2 मार्च 1930 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली तिथे दलितांच्या मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाडांनी तो पुढे चालवला. वायफायचा पासवर्ड आणि ते दार यांची बरोबरी करणं उथळपणाचं होईल. उलट फरकच पाहण्यासारखा आहे. दर्शन कुणी घेतल्याने दुसऱ्याचं दर्शन कमी होत नाही. तिथे दार लावायला टंचाईचं कारणसुद्धा नव्हतं. फ्लॅटमध्ये टंचाई खरी असते, म्हणून मर्यादा घालणं समर्थनीय ठरू शकतं. मात्र काँट्री थकली म्हणून एखाद्याला पूर्ण तोडणं आणि त्याचा वेग थोडा खाली आणणं यांत मोठं अंतर आहे. केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर 2019मध्ये फहीमा शिरीन या विद्यार्थिनीच्या खटल्यात इंटरनेटची उपलब्धता शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या अधिकारात धरली. मोबाइलवरचे निर्बंध न मानल्याने तिला हॉस्टेलमधून काढलं होतं. न्यायालयाने परत घ्यायला लावलं.

पोरांनी आपसांत बसून परीक्षेच्या दिवसांत मोठे डाउनलोड रात्री दोननंतर लावायचे आणि राउटर मधल्या खोलीत आणायचा असं ठरवलं, तर निम्मी भांडणं मिटतील. पण उरलेली त्यांच्या हातात नाहीत. ‘फ्री वायफाय’ची पाटी लावून तीन मजल्यांना एकच राउटर देणारा मालक दानाचं नाव घेतो आणि हिशेब टाळतो. कनेक्शन किती वेगाचं आणि त्यावर माणसं किती, हे दोन आकडे त्याने डिपॉझिट घेण्याआधी भाडेकरूला लिहून दिले पाहिजेत.