निकाह सोपा, लग्न महाग

कापसाचे पैसे हाती येऊ लागले की वणी, मारेगाव, झरी या परिसरात मुलींच्या लग्नाची बोलणी सुरू होतात. आपली माणसे येथे कोठे वेकोलिच्या खाणींवर कंत्राटी कामाला आहेत, कोठे गॅरेज, शिलाई किंवा फळांच्या गाडीवर, तर कोठे चार एकर कोरडवाहू शेतीवर. अशा घरातला बाप खर्चाचा कागद लिहावयास बसतो. पहिली ओळ जहेजची, दुसरी मंगल कार्यालयाची, मग बिछायत, आचारी, दोन वेळचे जेवण आणि बारातीची गाडी. मेहर त्या कागदावर बहुधा नसतेच. ती आठवते काझीसाहेबांनी रजिस्टर उघडून विचारल्यावर.

आता शरीअतचा कागद पाहा. निकाहसाठी दोन्ही पक्षांची संमती, इजाब-कबूल आणि साक्षीदार हवेत. मेहर वराने द्यावयाची. वलीमाही वराकडचा, तोही ऐपतीप्रमाणे. वधूपित्यावर या कागदात एका रुपयाचाही खर्च नाही. ज्याच्यावर अल्लाह तआलाने काहीच लादले नाही, त्याच्यावरच आपण सारे लादले आहे.

प्रेषितांच्या (स.) मदीनेत विवाह कसे होत? हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांनी निकाह केला, तो प्रेषितांना (स.) त्यांच्या वस्त्रांवरील सुगंधी पिवळ्या खुणेवरून कळला. ज्यांच्यावर जीव ओवाळावा त्यांनाच आमंत्रण नव्हते, आणि तरीही प्रेषितांनी (स.) त्याबद्दल रागाचा शब्द काढला नाही. मेहर किती दिली एवढे विचारले, बरकतीची दुआ दिली आणि वलीमा करण्यास सांगितले, मग तो एका बकरीचा का असेना. आपल्याकडे एखाद्या दूरच्या चुलत मामाला पत्रिका पोहोचली नाही, तर तो तीन वर्षे बोलत नाही!

खैबरहून परतताना हजरत सफिय्या (रजि.) यांच्याशी विवाह झाला. बुखारी शरीफमधील हजरत अनस (रजि.) यांच्या कथनानुसार त्या वलीम्यात रोटी नव्हती, मांसही नव्हते. कातडी दस्तरखान अंथरले गेले आणि त्यावर खजूर, सुकवलेले दही व तूप आले. तो वलीमा कोणाचा होता, हे लक्षात घेतले की आपल्या ताटातील सहा पदार्थांचे समर्थन करणे कठीण जाते.

यावर उत्तर मिळते, ‘‘जहेज तर हजरत फातिमा (रजि.) यांनाही दिले होते.’’ होय, हदीसमध्ये एक जाडसर वस्त्र, पाण्याची एक मशक आणि इज्खिर गवत भरलेली एक उशी यांचा उल्लेख येतो. हजरत अली (रजि.) यांच्याजवळ मेहर देण्याजोगे होते ते एक चिलखत. या उशीच्या आधारावर मोटारसायकल मागणाऱ्याने निदान सुन्नतचे नाव तरी घेऊ नये. आपल्या देशाच्या कायद्यानेही 1961 पासून हुंडा देणे-घेणे हा गुन्हा ठरविला आहे.

पण खरे दुखणे कर्जाचे आहे. यवतमाळ जिल्ह्याला कर्ज म्हणजे काय हे कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. एका मय्यतीची नमाज पढविण्यापूर्वी प्रेषितांनी (स.) विचारले, याच्यावर देणे आहे काय? तीन दीनार होते. स्वतः नमाज न पढविता त्यांनी साथीदारांना ती पढण्यास सांगितले; हजरत अबू कतादा (रजि.) यांनी ते देणे अंगावर घेतले, तेव्हाच प्रेषितांनी (स.) नमाज पढविली. सावकाराचे व्याज अंगावर घेऊन आठशे माणसे जेवू घालणाऱ्या बापाने त्या तीन दीनारांचा विचार करावा. त्याहून अधिक विचार वराच्या बापाने करावा. कारण ‘‘आम्हाला काही नको, फक्त आमच्या पाहुण्यांची व्यवस्था नीट ठेवा’’ हे वाक्य त्याच्याच तोंडचे असते.

पुष्कळ घरांत आणखी एक हिशेब चालतो. बाप वारला की भाऊ म्हणतात, बहिणीला जहेजमध्ये तिचा वाटा मिळाला. सूरह निसाने मुलीचा ठरविलेला वारसाहक्क असा भांड्याकुंड्यांत फिटत नाही. शेताचा तुकडा भावांकडे आणि बहिणीकडे गंजलेले कपाट, हा न्याय कोणत्या किताबात आहे?

मग करावे काय? निकाह असरच्या नमाजनंतर मोहल्ल्याच्या मशिदीत ठेवावा. खजूर किंवा छुहारे वाटावेत. मंगनीला, हळदीला वेगळे जेवण ठेवू नये. चंद्रपूर, पांढरकवडा किंवा आदिलाबादहून वरपक्ष येणार असेल तर घरची मोजकी माणसे यावीत आणि संध्याकाळपर्यंत वधूला घेऊन परतावीत. सामूहिक निकाहात मुलीचे लग्न लावण्यात कमीपणा मानू नये. वलीम्याची यादी करताना शेजारची धुणेभांडी करणारी बाई, खाणीवरचा हेल्पर ही नावे आधी लिहावीत. ज्या वलीम्याला श्रीमंत बोलावले जातात आणि गरीब वगळले जातात, त्याचे अन्न हदीसमध्ये वाईट ठरविले आहे.

काटकसरीची कात्री मेहरवर मात्र चालवू नये. ती पत्नीचा हक्क आहे. हनफी मतानुसार ती दहा दिरहमांहून, म्हणजे साधारण 30.6 ग्रॅम चांदीहून, कमी नसावी. ‘मेहर-ए-फातिमी’ 131 तोळे 3 मासे चांदीची मानली जाते. कंत्राटी मजुराला ती झेपणारी नाही, आणि झेपत नसेल तर ती केवळ कागदावर लिहूही नये. मंडपाचे जे पैसे वाचले, त्यांतून वराने झेपेल तेवढी मेहर नगद ठरवावी आणि निकाहच्याच दिवशी वधूच्या हाती द्यावी. तिच्या सासूच्या हाती नव्हे.