धूर कोणाच्या नावे?

गेल्या नवरात्रापूर्वी देवीला नेसविण्यासाठी वारासिवनीच्या हातमागावरचे एक लुगडे आमच्या घरी आले. घडी उलगडताना विणकर सहज म्हणाला, "वकीलसाहेब, याला धूर लागलेला नाही." वाक्य गोड होते, पण उलटतपासणीवाचून विधान स्वीकारू नये, ही आमच्या धंद्याची खोड घरीही सुटत नाही. हातमागाला वीज लागत नाही, हे खरे. परंतु सूत कातताना आणि रंगविताना कोठेतरी कोळसा जळलाच असेल. तो धूर कोणाच्या खात्यावर मांडावा?

हाच प्रश्न आता फार मोठ्या प्रमाणावर उभा राहणार आहे. २०२३ साली केंद्र सरकारने पीएम मित्र योजनेखाली सात वस्त्रोद्योग उद्यानांच्या जागा जाहीर केल्या. त्यांतील एक अमरावतीजवळ नांदगाव पेठेला, दुसरी आमच्याच राज्यात धार जिल्ह्यातील भैंसोल्याला. सुतापासून शिवलेल्या कपड्यापर्यंतची कामे एकाच आवारात व्हावीत, हा हेतू. अनेक लहान बॉयलरांऐवजी सामाईक वाफ वापरली तर इंधन वाचते, हा लाभ आम्ही नाकारीत नाही. प्रश्न आहे तो मोजमापाचा.

कार्बनचा हिशेब जगभर तीन वर्गांत मांडतात: आपल्या आवारात जाळलेले इंधन, विकत घेतलेल्या विजेमागचे इंधन, आणि कच्च्या मालापासून गिऱ्हाइकापर्यंतची उरलेली सारी साखळी. पातंजल योगसूत्रांत हिंसेचे कृत, कारित आणि अनुमोदित असे तीन भेद आहेत, त्यांची येथे आठवण होते. जुळणी तंतोतंत नाही, आणि सर्व विद्या आपल्याकडे आधीच होत्या असे म्हणणाऱ्यांपैकी आम्ही नव्हे. तरी दुसऱ्याच्या हातून करविलेले कर्म आपलेच, हा विचार दोन्हीकडे आहे.

आता पळवाट पाहा. कापडाच्या धंद्यात रंगाई-धुलाईला वाफ फार लागते. समजा, एखाद्या उद्यानाने तेवढे काम बाहेरच्या जुनाट कारखान्यांकडे धाडले. पहिल्या दोन वर्गांपुरतेच पाहिले तर त्याचे खाते एका रात्रीत निर्मळ होईल. आकाशात धूर तेवढाच, कदाचित अधिक. मालमत्तेच्या बाबतीत अशा व्यवहाराला आम्ही वकील बेनामी म्हणतो.

दुसरी पळवाट सरासरीची. किलोमागे चाराचे तीन झाले आणि माल दुप्पट निघाला, तर प्रशस्तिपत्र मिळेल. एकूण भार मात्र दीडपट होईल. केंद्राने २०२३ साली अधिसूचित केलेल्या कार्बन-पत व्यापार योजनेतील लक्ष्येही उत्पादनाच्या एककामागेच आहेत. उद्योग वाढावा म्हणून ते समजण्यासारखे आहे. पण त्यालाच निर्दोषत्व म्हणू नये. आमच्या मते कसोटी भिंतींची नव्हे, कापडाची लावावी, आणि एककाशेजारी एकूण आकडाही छापावा.

याहून आम्हाला सलते ते वेगळेच. उद्या परदेशी गिऱ्हाईक दाखला मागेल, तेव्हा उद्यानाकडे हिशेबनीस असतील. वारासिवनीच्या विणकराकडे काय असणार? त्याच्या साडीला २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळाले. धुराची वही मात्र त्याच्याजवळ नाही. ज्याने सर्वांत कमी जाळले, तोच पुराव्याअभावी बाजारातून उठायचा.

लुगड्याच्या सुताचा माग आम्ही काढून पाहिला. विणकराने व्यापाऱ्याकडे बोट दाखविले, व्यापाऱ्याने गिरणीकडे, आणि गिरणीने पत्राचे उत्तर दिले नाही. घटस्थापनेच्या दिवशी तेच लुगडे देवीला नेसविले.