तारखेचा प्रवास, निरोपाचा प्रवास

दिवाळी जवळ आली की पुरवण्यांमध्ये नि मोबाइलवरच्या गटांमध्ये एक तक्ता फिरू लागतो. मुंबई ते नागपूर : विमान दीड तास, दुरांतो ११ तास, ट्रॅव्हल्सची स्लीपर १२ ते १४ तास. शेजारच्या रकान्यात भाडी. खाली घरापासून विमानतळापर्यंतचा वेळ, सुरक्षा तपासणी, पट्ट्यावरून सामान येईपर्यंतचं थांबणं हे सगळं मिळवून ‘खरा वेळ’ काढलेला असतो. मग कुणी लिहितं की विमान आता रेल्वेच्या थ्री-एसीइतकंच स्वस्त पडतं, कुणी लिहितं की समृद्धी महामार्गाने सगळं गणित बदललं, आणि चर्चा संपते.

या तक्त्यातले आकडे बहुधा बरोबर असतात. माझा आक्षेप त्यातल्या गृहीतकाला आहे. प्रवास करणाऱ्यासमोर तिन्ही वाहनं एकाच वेळी, ठरलेल्या किमतीला उभी आहेत आणि त्याने आवडीनुसार एकात बसायचं आहे, असं हा तक्ता मानतो. तसं ज्यांच्या वाट्याला येतं त्यांची संख्या आपल्याला वाटते त्याहून बरीच लहान आहे.

या चर्चेमागे एक विचार ठाण मांडून बसलेला आहे, त्याच्याशी नीट भांडायला हवं. तो म्हणजे वेळेच्या किमतीचा विचार. तुमचा पगार महिन्याला अमुक, म्हणून तासाला तमुक. विमानाने आठ तास वाचतात. आठ गुणिले तमुक ही रक्कम तिकिटांतल्या फरकापेक्षा मोठी असेल तर विमानाने जा. ऐकायला हे निर्विवाद वाटतं. गॅरी बेकर या अर्थशास्त्रज्ञाने १९६५ साली वेळेच्या वाटपाचा सिद्धान्त मांडला, तेव्हापासून या हिशेबाला विद्येची प्रतिष्ठाही आहे. बेकरचं मूळ म्हणणं पुष्कळ सावध होतं. रस्ते नि रेल्वेमार्ग आखणारे नियोजनकारही खासगी कामासाठीच्या प्रवासाचा तास कामाच्या तासापेक्षा कमी किमतीचा धरतात. आपल्याकडे मात्र त्या सावधपणाला वगळून नुसता गुणाकार तेवढा उरला आहे.

पहिली गोष्ट, सगळे तास सारखे नसतात. दुरांतो रात्री सव्वाआठच्या सुमारास मुंबईहून निघते आणि सकाळी सातच्या पुढे नागपूरला टेकते. त्या ११ तासांतले सात-आठ तास माणूस घरीही झोपलाच असता. पहाटे सहाचं विमान पकडणारा तीनला उठतो, चारला टॅक्सीत बसतो आणि दुपारभर डोळे चोळतो. त्याने किती तास वाचवले? रात्रगाडी दिवसाला हात लावत नाही, हे तिचं मोठेपण तक्त्यात कुठेच मावत नाही. पुणे ते नागपुरातलं अजनी ही वंदे भारत ८८१ किलोमीटर साधारण १२ तासांत कापते. नावाजण्यासारखा वेग आहे, पण ती दिवसा धावते आणि तिच्यात बसून जावं लागतं. अख्खा दिवस जातो. त्याच मार्गावर रात्री जास्त वेळ घेणारी एखादी गाडी कामावर जाणाऱ्या माणसाचा वेळ कमी खाते.

दुसरी गोष्ट, पगारदार माणसाला मिनिटाप्रमाणे पैसे मिळत नाहीत. रविवारी वाचलेले चार तास तो कुणाला विकू शकत नाही. हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी हिशेब मांडताना सगळे ते विसरतात.

खरा दोष मात्र तिसरा आहे, आणि मला तो नुसत्या आकडेमोडीपलीकडचा वाटतो. ज्याची मिळकत जास्त त्याचा तास महाग, हे एकदा मानलं की शेतमजुराचा तास स्वस्त ठरतो. पुण्यात बांधकामावर असलेल्या माणसाला आई अत्यवस्थ असल्याचा फोन आला आणि त्याने विमानाचं बारा हजारांचं तिकीट काढलं नाही, तर हा सिद्धान्त सरळ सांगतो : लवकर पोहोचण्याचं मोल त्याच्या लेखी बारा हजारांपेक्षा कमी होतं. हे धडधडीत असत्य आहे. त्याच्याकडे पैसे कमी होते, एवढंच त्यातून सिद्ध होतं. खिशाची मोजणी करून मनाचा निकाल देणारी ही पद्धत आपण निवडीचं शास्त्र म्हणून वापरतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

या हिशेबाविरुद्ध दिली जाणारी नेहमीची उत्तरंही मला पुरेशी वाटत नाहीत. विमानाच्या धुराचा मुद्दा खरा आहे, पण तो सार्वजनिक धोरणाचा आहे, आजारी आईकडे निघालेल्या मुलाच्या दारात आणून ठेवण्याचा नाही. खिडकीतून दिसणारी शेतं आणि स्टेशनावरचा चहा यांच्या प्रेमातून रेल्वेची बाजू घेणाऱ्यांना सहसा परतीचं आरक्षण मिळालेलं असतं.

मला दिसणारा भेद वेगळा आहे. वेगवान नि संथ, स्वस्त नि महाग हे भेद त्याच्यापुढे दुय्यम आहेत. प्रवास दोन जातींचे असतात : तारखेचे आणि निरोपाचे. लग्न, सुट्टी, अधिवेशन, कोकणातले गणपती यांच्या तारखा आधीपासून माहीत असतात. मृत्यू, अपघात, ऐन वेळी आलेलं मुलाखतीचं बोलावणं, ठेकेदाराचा फोन, गावाकडे अचानक निघालेली जमिनीची मोजणी यांची खबर येते आणि माणूस उठून निघतो. एकच माणूस वर्षभरात दोन्ही प्रकारचे प्रवास करतो. त्याची ऐपत, आवड, तब्येत तीच असते. तरी त्याच्यापुढची वाहनं साफ बदलतात.

विमानाचं भाडं पाहा. १९९४ साली विमानवाहतुकीतली सरकारी मक्तेदारी कायद्याने संपली आणि भाडं ठरवणं कंपन्यांकडे गेलं. आधीच्या जागा स्वस्त, शेवटच्या महाग, हा त्या व्यवसायाचा कणा आहे. शेवटच्या दिवशी येणाऱ्याला दुसरा मार्ग नसतो हे कंपनीला माहीत असतं; निरोपाच्या प्रवाशाची अडचण हाच तिथे नफ्याचा स्रोत आहे. उडान योजनेखाली २०१७ पासून छोट्या शहरांतून विमानं उडू लागली, काही जागांच्या भाड्यावर मर्यादा आली. अमरावतीहून मुंबईला विमान सुरू झालं याचा आनंद मलाही आहे. पण ते आठवड्यातून मोजक्या दिवशी उडतं, आणि निरोप वार बघून येत नाही. २०२५ च्या डिसेंबरात वैमानिकांच्या विश्रांतीच्या नव्या नियमांची तयारी नसल्याने देशातल्या सर्वात मोठ्या विमान कंपनीची हजारो उड्डाणं रद्द झाली. तेव्हा उरलेल्या विमानांची भाडी इतकी चढली की सरकारला कमाल मर्यादा घालावी लागली. एरवी थोड्यांना सोसावं लागतं ते त्या आठवड्यात सगळ्यांना सोसावं लागलं, म्हणून ते दिसलं.

रेल्वेचा व्यवहार उलटा. तिथे भाडं बरंचसं स्थिर, पण जागा आधी येणाऱ्याची. आता ६० दिवस आधी आरक्षण उघडतं. पूर्वी ही मुदत १२० दिवस होती. साठ दिवसांनंतरचं ज्याला आज सांगता येतं तो खालचा बर्थ घेतो. निरोपाच्या प्रवाशापुढे वेटिंगचा आकडा येतो, आणि ऑनलाइन काढलेलं वेटिंगचं तिकीट चार्ट लागल्यावर आपोआप रद्द होतं. यावर ‘तत्काळ आहे की’ हे उत्तर ठरलेलं असतं. तत्काळ आदल्या दिवशी वातानुकूलित डब्यांसाठी सकाळी दहाला आणि साध्या स्लीपरसाठी अकराला उघडतं. गर्दीच्या मार्गांवर मग जे होतं ते सर्वांनी अनुभवलं आहे. निरोप दुपारी आला तर ती वेळ निघून गेलेली असते. शिवाय प्रवाशाला गरज कशाची आहे, हे तत्काळ विचारतच नाही. ज्याचा हात जलद त्याला ते जागा देतं. राहिला अनारक्षित डबा. निरोपाच्या प्रवाशाला आजही मुकाट्याने आत घेणारा तोच एक. पण साठीच्या माणसाने मुंबई-नागपूरचे ८३७ किलोमीटर दाराशी उभं राहून काढावेत, असं म्हणणं कुणालाही शोभत नाही.

म्हणून तो ट्रॅव्हल्सकडे जातो. यवतमाळच्या माणसाचं तर याहून बिकट : शहराला ब्रॉडगेज नाही, गाडी धरायला धामणगाव गाठावं लागतं. ट्रॅव्हल्सची स्लीपर मात्र संध्याकाळी चौकात उभी असते. फोन केला की वरचा का होईना, एक बर्थ निघतो. निरोपाच्या प्रवाशाची ओळख या धंद्याला नेमकी पटली, आणि त्याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं. किंमतही तो नेमकी लावतो. खासगी बसने एसटीच्या दीडपटीहून जास्त भाडं घेऊ नये असा राज्य सरकारचा २०१८ चा निर्णय आहे. दिवाळीच्या आठवड्यात तो कुठे पाळला जातो ते कुणीही सांगेल. दुसरी किंमत पैशांत मोजता येत नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये यवतमाळहून मुंबईला निघालेली बस नाशिकला जळाली. १ जुलै २०२३ च्या पहाटे नागपूरहून पुण्याला जाणारी स्लीपर सिंदखेडराजाजवळ समृद्धीवर उलटून पेटली आणि २५ माणसं गेली. चीनने अशाच आगींनंतर २०१२ मध्ये नव्या स्लीपर बसगाड्या रस्त्यावर आणणं थांबवलं. आपल्याकडे दर अपघातानंतर चालकाची झोप, टायर नि वेग यांची चर्चा होते. ती हवीच. पण रेल्वेत जागा न मिळाल्याने किती जण या बसमध्ये चढतात, हा प्रश्न विचारला जात नाही.

रेल्वेतल्या स्लीपर डब्याचा इतिहास आपल्याला अगदीच परका नाही. गांधीजींनी १९१७ साली तिसऱ्या वर्गाच्या हालांवर लिहिलं. तिसरा वर्ग १९७४ मध्ये नावापुरता गेला. त्यानंतर मधु दंडवते रेल्वेमंत्री असताना दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर दोन इंच फोम आला. १९७७ च्या डिसेंबरात सुटलेल्या गीतांजली एक्स्प्रेसला पहिला वर्गच नव्हता. वरच्याला खाली न ओढता खालच्याला वर आणण्याची ती दृष्टी होती. आज अनेक गाड्यांमधले साधे स्लीपर डबे कमी होऊन थ्री-एसी वाढले आहेत, आणि नवी वंदे भारत स्लीपर तर संपूर्ण वातानुकूलित आहे. गारव्याला माझा विरोध नाही. विदर्भातल्या मे महिन्यात तर मुळीच नाही. पण साधा स्लीपर हा अचानक निघालेल्या गरिबाला परवडणारा, आडवं होता येणारा एकमेव सुरक्षित डबा आहे. तो कमी झाला की माणूस थ्री-एसीत जात नाही, ट्रॅव्हल्समध्ये जातो.

रेल्वेकडे याचं अर्धं उत्तर आधीच तयार आहे. प्रत्येक मोठ्या गाडीत काही बर्थ ‘इमर्जन्सी कोटा’ म्हणून चार्ट लागेपर्यंत राखलेले असतात. त्यांवर पहिला अधिकार मंत्री, खासदार, उच्चपदस्थ यांचा. त्यानंतर आजार, मृत्यू, मुलाखत अशा कारणांचा विचार होतो. व्यवहारात ओळखीचं पत्र लागतं. माझी मागणी एवढीच की स्लीपरमध्ये आणि थ्री-एसीत या राखीव जागांचा एक हिस्सा पत्राविना, साध्या भाड्यात, स्टेशनावरच्या अधिकाऱ्याकडे निरोपाच्या प्रवाशांसाठी असावा. अमेरिका-कॅनडातल्या काही विमान कंपन्याही घरातल्या मृत्यूसाठी वेगळं भाडं देतात. सार्वजनिक रेल्वेला त्यांच्या मागे राहण्याचं कारण नाही.

लोक खोटं बोलतील, हा आक्षेप येणारच. काही जण बोलतील. पण कर्करोगाच्या रुग्णाला दाखल्यावर भाड्यात सवलत रेल्वे कित्येक वर्षं देते आहे आणि गैरवापराच्या भीतीने ती बंद केलेली नाही. इथे दाखला नंतर मागता येईल. तत्काळसाठी आता आधारची पडताळणी लागतेच. त्याच ओळखीवर हा बर्थ द्यावा, महिन्याभरात कागद आला नाही तर त्या व्यक्तीचा हा हक्क काही वर्षांसाठी थांबवावा. जागा रिकाम्या जातील, हा दुसरा आक्षेप तर टिकतच नाही. राखीव कोट्यातले न वापरलेले बर्थ आजही चार्टच्या वेळी आरएसी नि वेटिंगवाल्यांना मिळतात, त्यातूनही उरले तर करंट बुकिंगला जातात. तीच वाट याही बर्थना मोकळी आहे.