उंदराचे पाऊल

भोरच्या डोंगरात उगम पावणारी नीरा पुढे माउलींच्या पादुकांना स्नान घालते. त्याच डोंगरातला एखादा गडी झाडावरून पडतो, पाठीचा मज्जारज्जू दुखावतो आणि आषाढीची वाट त्याला कायमची बंद होते. अशाला पुन्हा उभे करण्याचे औषध शोधताना शास्त्रज्ञ आधी उंदराला भूल देऊन त्याचा मज्जारज्जू दुखावतात. भूतदया सांगणाऱ्या आम्ही वारकऱ्यांनी याला काय म्हणावे?

उंदीर किती सुधारला हे मोजण्यासाठी अमेरिकेतील ओहायो येथे बासो, बीटी व ब्रेसनाहन यांनी १९९५ साली ० ते २१ गुणांची रीत प्रसिद्ध केली. उंदराला मोकळे सोडून दोघेजण चार मिनिटे त्याचे मागचे पाय पाहतात. हालचालच नाही तर शून्य. आधी सांधा हलतो, मग तळवा टेकतो; नऊच्या सुमारास अंगाचा भार पायावर येतो. पुढे चारी पायांचा मेळ बसतो, बोटे फरफटत नाहीत, शेपटी वर राहते. औषध कोणत्या उंदराला दिले हे पाहणाऱ्याला कळू द्यायचे नसते. नाहीतर आशेपोटी डोळाच गुण वाढवतो. शिवाय पाय हलला म्हणजे मेंदूचा निरोप पोचलाच असे नाही, जखमेखालचा मज्जारज्जू आपणहूनही पाय हलवतो. (टाळ वाजतोय म्हणून मन भजनात आहेच असे थोडेच!)

एक गोष्ट कळली आणि आम्ही थबकलो. अशा उंदराला लघवी आपली आपण होत नाही. म्हणून रोज दोन-तीनदा कोणीतरी त्याला हातात घेऊन, पोट हलकेच दाबून ती काढतो. जखम करणारे घर तेच, सेवा करणारेही तेच.

नाथबाबांनी रामेश्वराची कावड तहानेल्या गाढवाच्या मुखी रिती केली. ती तहान त्यांनी लावलेली नव्हती. इथले दुःख मात्र आपण लावलेले. तरीही त्या गड्याच्या आईला ‘हे पाप आहे, राहू दे पोराला पडून’ असे सांगायला आमची जीभ उचलत नाही. आपल्या देशाच्या १९६० च्या कायद्यानेही असे प्रयोग बंद केलेले नाहीत, विनाकारण वेदना मात्र नको म्हटले आहे. पण कायद्यातून सुटला तो देवाजवळ सुटला काय?

आम्हांला वाटते, खरे पाप मोजणीत शिरते. एक गुण उगाच वाढवला तर त्या जिवाचे सोसणे फुकट गेले, आणि त्या खोट्या आकड्यापायी आणखी उंदीर जाणार. म्हणून फसलेले प्रयोगही छापून सांगावेत. म्हणजे तेच दुःख दुसऱ्या गावी दुसऱ्या उंदराला पुन्हा द्यावे लागणार नाही.