अंगणातली पाखरे आणि अभयदान

भगवंतांनी गीतेच्या बाराव्या अध्यायात भक्ताची लक्षणे सांगितली आहेत. त्यांतले पंधराव्या श्लोकातले लक्षण आज निरूपणास घेतले आहे. ज्याच्यापासून लोकांना उपद्रव होत नाही आणि जो स्वतः लोकांना उबगत नाही, तो मला प्रिय, असे देव म्हणतात. ज्ञानोबामाऊलींनी शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली, तेव्हा या ठिकाणी समुद्राचा दृष्टांत दिला. समुद्र केवढा गर्जतो, पण त्यातल्या मासोळीला त्याचे भय वाटत नाही; आणि एवढी जळचरे पोटात वावरतात म्हणून समुद्रही त्यांना कंटाळत नाही.

आता 'लोक' म्हणजे कोण? आपण म्हणतो, शेजारीपाजारी, भाऊबंद, गावकरी. पण संस्कृतात या शब्दाचे नाते पाहण्याशी आहे. जे जे दृष्टीस पडते तो लोक. मग दारातली चिमणी लोकांत मोडत नाही काय? माऊलींनी तर दृष्टांतच जळचरांचा दिला, माणसांचा नाही. तेव्हा देवाला प्रिय व्हायचे असेल तर पाखरांनाही आपले भय वाटता कामा नये, हा या श्लोकाचा सरळ अर्थ झाला.

हा अर्थ पोथीत बसून कळत नाही. त्यासाठी अंगणात जावे लागते. माघ सरता सरता भंडारा जिल्ह्यात, मोहाडी तालुक्यातल्या करडीसारख्या गावी पहाटे उठून पाहावे. धान कापून, चुरून घरात आलेले असते. धान उभे असतानाच ओल्या बांध्यांत टाकलेली लाखोरी आणि जवस निळी फुले फुलून दाणे धरू लागलेली असतात. थंडी अजून अंगाला झोंबते, म्हणून म्हातारी माणसे शेकोटीजवळ बसतात. सुना अंगणात सडा घालतात. सडा वाळायच्या आत शेपटी वरखाली हलवीत धोबी येतो. तो हिवाळ्याचा पाहुणा. उन्हाळा लागला की उत्तरेकडे निघून जातो. सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या परसात, शेवग्याला पांढरा मोहोर आलेला असतो आणि त्यावर अंगठ्याएवढा शिंजीर चोच बुडवीत फिरतो. वडावर तांबटाची टुकटुक सुरू होते, जणू कोणी लांबवर तांब्याचे भांडे ठोकतो आहे. दयाळ पक्ष्याला कंठ फुटू लागतो. बांधावरचे पळस लाल होतात आणि साळुंक्या व भोरड्या त्या फुलांतला रस प्यायला गर्दी करतात. अहो, ही भोरडी मध्य आशियातून येते, हजारो कोस! आपल्याला आषाढीला पंढरपूर लांब वाटते.

हे सगळे पाहून मन प्रसन्न होते. पण थोडे जवळ जाऊन पाहा बरे. दहा पावलांवर गेलात की सगळी सभा भुर्रकन उठते. गाय त्याच अंगणातून जाते, पाखरू ढिम्म हलत नाही. म्हैस बसली तर कोतवाल तिच्या पाठीवर खुशाल बसतो. आणि गळ्यात तुळशीची माळ, कपाळी गोपीचंदन, मुखी हरिनाम, असा माणूस आला की पाखरे उडतात. पाखराला माळ कळत नाही बाबा, त्याला हात कळतो.

याच गोष्टीचे दुःख तुकोबारायांना झाले होते. ताहराबादच्या महिपतिबुवांनी ही कथा सांगितली आहे. पाखरे दाणे टिपीत होती. तुकोबा जवळ येताच ती भिऊन उडाली. दुसरा असता तर पुढे चालू लागला असता. तुकोबा तिथेच थबकले. सर्वांभूती एकच देव आहे असे मी मानतो, आणि या जीवांना माझे भय वाटते, म्हणजे माझ्यात अजून भेद उरला आहे, असे त्यांच्या मनाला लागले. ते श्वास आवरून खांबासारखे उभे राहिले. पाखरे परत आली आणि निर्भयपणे त्यांच्या अंगाखांद्यावर बसली, तेव्हा त्यांचे समाधान झाले. श्रोतेहो, तुकोबांना बाबाजी चैतन्यांचा उपदेश झाला तो माघ शुद्ध दशमीला. तेव्हा माघीची वारी करणाऱ्याने ही कथा विशेष ध्यानात ठेवावी. मी किती वाऱ्या केल्या हे पांडुरंगाला सांगायला नको, त्याला ठाऊक आहे. पाखराने माझ्याविषयी काय साक्ष दिली, हा प्रश्न आपला आपण विचारावा.

भय कशाने उत्पन्न होते? पहिले कारण सर्वांना दिसते. पोरांच्या हाती गलोल असते आणि घरचा मोठा माणूस नेम पाहून हसतो. दुसरे कारण लटकत असते. संक्रांतीला पतंग उडाले, तिळगूळ वाटून झाला, पण तुटलेला मांजा झाडावर तसाच राहिला. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१७ साली बंदी घातली. तरी तो विकत मिळतो आणि सण संपल्यावरही माघभर पंख कापतो. तिसरे कारण दिसतच नाही, म्हणून ते सर्वांत वाईट. ते म्हणजे विष. गिधाडांचे काय झाले पाहा. त्यांना मारायला कोणी धावले नव्हते. दुखणाईत जनावरांना डायक्लोफेनॅक नावाचे औषध दिले, जनावर मेले, गिधाडांनी ते खाल्ले आणि त्यांचे मूत्रपिंड निकामी झाले. आपल्या देशातली तीन जातींची गिधाडे शेकडा नव्वदाहून अधिक नाहीशी झाली. २००६ साली जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली, तोवर उशीर झाला होता. जटायूला प्रभू रामचंद्रांनी स्वतःच्या हाताने अग्नी दिला आणि आपण त्याचे कूळ न कळत बुडवीत आणले. 'मी कोणाला मारले नाही' एवढे म्हणून अहिंसा पुरी होत नाही, हा याचा बोध. माऊलींनी तेराव्या अध्यायात अहिंसेचे वर्णन करताना सांगितले, की कमळातले केसर चुरडेल म्हणून भ्रमर हळुवार पाय ठेवतो, तसा दयावंत पुरुष भूमीवर पाऊल टाकतो. पाऊल टाकण्यापूर्वी पाहणे, ही अहिंसा.

येथे पूर्वपक्ष उभा राहतो. शेतकरी म्हणेल, "बुवा, तुमचे कीर्तन गोड आहे. पण माझी दोन एकर जमीन. राघू हरभऱ्यावर उतरतात, चिमण्या दाणे खातात. पाखरांना अभय दिले तर लेकरांना काय देऊ?" हा प्रश्न खोटा नाही. पोटाच्या प्रश्नाला टाळ वाजवून उत्तर देऊ नये.

त्याचे पहिले उत्तर व्यवहाराचे. चिमणी स्वतः दाणा खाते हे खरे, पण पिलांना ती किडे-अळ्या भरवते. चीन देशात १९५८ साली सरकारने धान्य खाते म्हणून चिमणी मारण्याची मोहीम काढली. लोकांनी थाळ्या-ढोल वाजवून पाखरे टेकू दिली नाहीत; थकून थकून ती आभाळातून पडली. पुढे टोळ आणि कीड माजली. दुष्काळ पडला, त्याच्या अनेक कारणांत हेही एक धरतात. शेवटी १९६० साली शत्रूंच्या यादीतून चिमणीचे नाव काढून तिथे ढेकणाचे नाव घातले. चिमणी खाते ते दिसते. ती राखते ते दिसत नाही.

दुसरे उत्तर तुकोबांच्याच चरित्रात आहे. त्यांना एका शेताच्या राखणीला बसविले होते. पाखरे आली, तुकोबांनी हाकलली नाहीत. मालकाने पाहिले, संतापला, प्रकरण पंचांपुढे गेले. येथे कीर्तनकार लगेच चमत्काराकडे धावतात, की उरल्या कणसांतून अपेक्षेहून कितीतरी अधिक धान्य निघाले. ते महिपतिबुवांनी सांगितले आहेच. पण त्याच्या आधीची गोष्ट बघा. पंचांपुढे तुकोबांनी भरपाई कबूल केली, कागद लिहून दिला. पाखरांनी खाल्ले त्याचा भार त्यांनी आपल्या डोक्यावर घेतला. जास्तीचे धान्य निघाले तेही स्वतःला घेतले नाही. दया दुसऱ्याच्या खळ्यावर करायची नसते. आपल्या वाट्यातून करायची असते. तेव्हा शेतकरीदादा, शेत मोकळे सोड असे मी म्हणत नाही. तुकोबांचा अधिकार वेगळा. बुजगावणे उभे कर, डबा वाजव, हाळी दे, राखण कर. तो तुझा धर्म आहे. पण दाण्यात विष कालवू नकोस, जाळे लावू नकोस. औषध लावलेले बी पेरलेस तर मातीने नीट झाक. हाकलणे वेगळे, मारणे वेगळे. आणि तुझ्या वाट्यातून जे सहज निघेल तेवढे काढ. आपल्या शास्त्रात रोजच्या पाच यज्ञांत भूतयज्ञ सांगितला आहे. घरात शिजले त्यातला घास आधी मुक्या जीवांचा. भातपट्ट्यात, शेजारच्या छत्तीसगडातही, धानाच्या लोंब्यांची झालर विणून दारावर टांगण्याची चाल आहे. तोच हा यज्ञ. त्याला मंत्र येत नसले तरी चालते.

भंडारेकरांना तर आणखी एक गोष्ट सांगणे आहे. आपल्या भागात गोंड राजांच्या काळी कोहळी समाजातल्या जाणत्यांनी तलाव बांधले. १९५१ साली मालगुजारी गेली, पण तलावांना 'मामा तलाव' म्हणजे माजी मालगुजारी तलाव हे नाव राहिले. या तलावांच्या आणि धानाच्या बांध्यांच्या आधाराने सारस राहतो. नर-मादी जन्माची सोबत करतात. महाराष्ट्रात आता सारस अगदी थोडे उरले आहेत. ते मुख्यतः १९९९ साली आपल्यातून वेगळ्या झालेल्या गोंदिया जिल्ह्यात, आणि काही आपल्याकडे. वाल्मीकींच्या डोळ्यांपुढे व्याधाने क्रौंचाच्या जोडीतला नर मारला आणि मादीच्या आक्रोशाने ऋषींच्या मुखातून पहिला श्लोक निघाला. तो क्रौंच म्हणजे सारसच, असे कित्येक अभ्यासक मानतात. रामायण ज्याच्या शोकातून जन्मले, तो पक्षी आपल्या बांधीत घरटे करतो! पुढच्या पावसाळ्यात बांधीत अंडी दिसली तर चार हात जागा सोडा, कुत्री व पोरे दूर ठेवा. रानपाखरे धरणे-मारणे १९७२ च्या कायद्याने गुन्हा आहेच. पण वारकऱ्याला शिपायाच्या भयाने धर्म पाळण्याची पाळी येऊ नये.

आता करावे काय? उपाय सोपे आहेत. ऊन वाढू लागले की मातीच्या परळात पाणी ठेवावे. उथळ ठेवावे, रोज बदलावे. मूठभर कणी किंवा तांदूळ टाकावेत, तेलामिठाचे पदार्थ टाकू नयेत. झाडावरचा मांजा काढून घ्यावा. पोराच्या हातची गलोल घ्यावी, पण रागावून नव्हे. त्याला शेजारी बसवून पाखरांची नावे शिकवावीत. फेब्रुवारीच्या मध्यास चार दिवस जगभर लोक आपापल्या परसातली पाखरे मोजतात. अमेरिकेत १९९८ साली हा परिपाठ सुरू झाला, आपल्या देशात २०१३ पासून. किमान पंधरा मिनिटे एका जागी गप्प बसायचे आणि दिसेल ते टिपून ठेवायचे. त्यांच्या दृष्टीने ती गणती. आपल्या दृष्टीने ते ध्यानच आहे. हरिपाठ झाला की तुम्हीही पंधरा मिनिटे ओट्यावर निश्चल बसा. पहिल्या दिवशी पाखरे उडतील. आठव्या दिवशी लांब बसतील. महिन्याने एखादी चिमणी तुमच्या पायाजवळचा दाणा उचलील. त्या दिवशी समजावे की बाराव्या अध्यायातल्या एका श्लोकाचा थोडा अर्थ आपल्याला लागला.

देऊळ आपण बांधतो, कळस आपण चढवतो. पण निर्भय झालेले पाखरू आपण बोलावून येत नाही. त्याची खात्री पटली तरच येते. ती खात्री पटविणे हीच सेवा. पांडुरंग ती करवून घेवो.

पुंडलीक वरदा हरि विठ्ठल!