न मोजला जाणारा विषय

दहावीचा निकाल लागला, की माझ्या कचेरीबाहेरचा बाक पालकांनी भरून जातो. दाखला न्यायला आलेला बाप जाता जाता उंबऱ्यात थबकतो आणि विचारतो, ‘सर, पोरीला डॉक्टर करायचं म्हणतोय. विषय कुठले घ्यायचे?’

या प्रश्नाला माझे उत्तर ठरलेले असे. भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र हे तीन तर हवेतच. चौथे गणित घ्या. ‘नीट’ला ते लागत नाही, पण वैद्यकीयची जागा हुकलीच तर अभियांत्रिकीचे दार उघडे राहते. उरल्या दोन भाषा. एक इंग्रजी, दुसरी, ज्यात गुण जास्त पडतील ती. या शेवटच्या वाक्याची आज मला लाज वाटते. त्या लाजेचा हिशेब मांडावा, म्हणून हे लिहितो आहे.

दोन वर्षांपूर्वी आईला रात्री दवाखान्यात न्यावे लागले. पाळीवर माझाच एक माजी विद्यार्थी होता, एम.बी.बी.एस.ची साडेचार वर्षे संपवून इंटर्नशिप करीत होता. आई म्हणाली, ‘कळ नाही रे बाबा, नुसतं भरून आल्यागत होतंय.’ त्याने लगेच ओळखले. कळ वेगळी, चमक वेगळी, ठणका वेगळा, जळजळ वेगळी. आपल्या भाषेने दुखण्याची केवढी बारीक वर्गवारी करून ठेवली आहे! शेजारच्या खाटेवर सौंदत्तीकडची एक म्हातारी होती. ती कन्नडमधून बराच वेळ सांगत राहिली. ‘उरी’ म्हणजे आग आणि ‘सेळेत’ म्हणजे ओढ लागणे, हे मला कळत होते. पोराची कन्नड बाजारापुरती. त्याने ‘नोवु’ एवढा शब्द उचलला आणि कागदावर नुसते ‘दुखते’ असे लिहिले. पुढे नर्सबाईंनी येऊन सगळे उलगडून सांगितले. म्हातारीला काही अपाय झाला नाही. पण जाताना तो माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, ‘सर, तुम्ही संस्कृत घे म्हणाला होता. अठ्ठ्याण्णव पडले होते.’ त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. म्हणूनच ते अधिक लागले.

दर महिन्याला पगार घेणाऱ्या मास्तराने ज्ञानासाठी ज्ञान घ्या, असे सांगणे सोपे असते. ज्याचा बाप शेतमजूर आहे, त्याच्यासाठी एकेक गुण म्हणजे सरकारी जागा आणि न परवडणारी फी यांमधली भिंत आहे. त्याला गुणांचा विचार सोड म्हणणे हा अन्याय होईल. पण नियम नीट वाचावा. ‘नीट’चे गुण ७२०, त्यांतले ३६० जीवशास्त्राचे, भौतिक आणि रसायनाचे प्रत्येकी १८०. भाषेचा एकही नाही. बारावीचे गुण लागतात ते पात्रतेपुरते, आणि तेही या तीन विषयांचे. भाषांपैकी विचारतात ती इंग्रजी. म्हणजे दुसऱ्या भाषेतल्या अठ्ठ्याण्णवांनी त्या मुलाची जागा तसूभरही पुढे सरकली नव्हती. जिथे कोणी मोजतच नव्हते, तिथेही आम्ही मोजत बसलो होतो.

प्रवेश मिळवून देणारे विषय आणि डॉक्टर घडवणारे विषय एकच असतात, असे नाही. हे आता वैद्यक शिकवणाऱ्यांनाही उमगलेले दिसते. आपल्याकडे २०१९च्या नव्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद यांना जागा मिळाली. आरंभीच्या पायाभूत वर्गात स्थानिक भाषाही आली. अमेरिकेत वैद्यकाआधी पदवी घ्यावी लागते, आणि ठराविक विज्ञान विषय पुरे केले, तर मुख्य विषय इतिहास असला तरी चालतो. तिथल्या प्रवेश परीक्षेत २०१५पासून मानसशास्त्र आणि समाजशास्त्रावर स्वतंत्र भाग आहे. त्या मुलांना विचार करायला चार वर्षे मिळतात. आपल्या मुलांच्या वाट्याला आठवडाभराची धावपळ आणि एक भाषेचा रकाना येतो. निदान तो रकाना तरी पुढे भेटणाऱ्या रुग्णाला आठवून भरावा, एवढेच माझे म्हणणे.

यंदा एक हुशार मुलगी आली. मी उत्साहाने म्हणालो, ‘मराठी घे.’ चुकीची भरपाई केल्याचे समाधानही वाटले. ती म्हणाली, ‘सर, मराठी घरात आहे की. आजी आहे, दहा वर्षं तुमची शाळा झाली. मी कन्नड घेते. आमच्या गावचे निम्मे पेशंट कन्नड बोलतात.’

मी गप्प झालो. मराठी शाळेचा एकेक विद्यार्थी टिकवण्यात उमेद घालवलेल्या माणसाला हे ऐकणे सोपे नाही. मग स्वतःलाच विचारले, मी मराठी सुचवली ती तिच्या रुग्णांसाठी, की माझ्यासाठी? उत्तर आवडले नाही, पण ते खरे होते.

मन पुरते निवले असे म्हणत नाही. दाखल्यावर सही केली आणि म्हणालो, ‘घे. पण आजीशी बोलणं सोडू नकोस.’