पेशींची पायवाट

हाडाचा जीवाश्म प्राण्याचा आकार सांगतो. दाताचा जीवाश्म आणखी एक गोष्ट जपतो, आणि तिच्यापाशी मन दर वेळी थबकते: कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या जिवंत पेशी कोणत्या वाटेने सरकल्या, हे दातावरच्या एनॅमलमध्ये जसेच्या तसे उरलेले असते.

दात हिरडीच्या आत घडत असताना एनॅमल तयार करणाऱ्या पेशी आतून बाहेर, पृष्ठभागाच्या दिशेने सरकत जातात. जाताना मागे खनिजाच्या अतिसूक्ष्म दांड्या सोडतात. एका दांडीची जाडी सुमारे ५ मायक्रोमीटर. शास्त्रज्ञ तिला प्रिझम म्हणतात. तिच्यावर दिवसाला एक अशी बारीक आडवी रेघ उमटते, म्हणजे वाटेबरोबर दिवसांचीही नोंद राहते. दात हिरडीबाहेर येतो तेव्हा या पेशी नाहीशा झालेल्या असतात. मोडलेले हाड सांधते. एनॅमलला ती सोय नाही. पहिला घास चावण्याआधीच शेवटच्या घासाची तजवीज झालेली असावी लागते. ही तजवीज कुणी योजलेली नाही, पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीतून ती घडली. तरीही, किंवा म्हणूनच, ती मला विलक्षण वाटते.

एनॅमलमध्ये वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असते. ते कठीण असते, पण ठिसूळही. सगळ्या दांड्या समांतर असल्या, तर सरळ रेषांचे लाकूड एका घावात फाटावे तसा तडा त्यांच्यामधून थेट धावत जाईल. मोठ्या सस्तन प्राण्यांत मात्र या दांड्या थराथरांनी एकमेकींना छेदतात. एका थरातल्या एकीकडे झुकतात, शेजारच्या थरातल्या दुसरीकडे. तड्याला प्रत्येक थरापाशी दिशा बदलावी लागते आणि त्यातच त्याचा जोर सरतो. तिरपा प्रकाश टाकला की हे थर उजळ आणि गडद पट्ट्यांसारखे दिसतात. अठराव्या शतकातले जॉन हंटर आणि १८०० साली या पट्ट्यांचे वर्णन करणारे श्रेगर, या दोघांच्या नावाने ते ओळखले जातात.

डायनोसॉरांच्या सावलीत राहिलेल्या चिमुकल्या सस्तन प्राण्यांना असे पट्टे नव्हते. चावण्याचा जोरच बेताचा, मग तड्यांची धास्ती कशाला? ६.६ कोटी वर्षांपूर्वी डायनोसॉर गेले, सस्तन प्राण्यांची शरीरे वाढू लागली आणि जबड्यांचा जोरही. फॉन कोनिग्सवाल्ड, रेन्सबर्गर आणि फ्रेट्झश्नर या संशोधकांनी १९८७ मध्ये दाखवून दिले की त्यानंतरच्या पॅलिओसीन काळाच्या आरंभीच हे पट्टे दातांत येऊ लागले. खुरी प्राण्यांचे आद्य पूर्वज याच काळातले. नव्या आहाराची वाट त्यांना मोकळी झाली, तिचे एक कारण सूक्ष्मदर्शकाखालीच दिसते.

पुढची गुंतागुंत मला अधिक मोलाची वाटते. घोड्याच्या कुळात हे पट्टे आडवे असतात. गेंड्याच्या कुळात मात्र ते उभे. दाढेवरच्या उंचवट्यांचा आकार बदलला की चावताना येणारा ताण वेगळ्या दिशेने पडतो, तडेही वेगळ्या दिशेने जाऊ पाहतात, आणि त्यांना अडवायला पट्ट्यांची मांडणी बदलते. झिजलेला तुकडाही मग बोलू लागतो: बाहेरचा आकार पुसला गेला तरी आतले पट्टे गेंड्याचे नाते सांगू शकतात. सुरत जिल्ह्यातल्या वस्तानच्या लिग्नाइट खाणीत कॅम्बेथेरियम या सुमारे ५.४५ कोटी वर्षांपूर्वीच्या प्राण्याचे दात आणि हाडे सापडली. घोडा, गेंडा आणि टॅपिर यांच्या वंशवृक्षाच्या अगदी बुंध्याजवळ त्याला जागा मिळाली आहे. अशा दुर्मिळ दातांपैकी एखादा कापायला कुणाचा हात धजणार? तिरप्या प्रकाशाची रीत म्हणूनच मोलाची. दात अखंड राहतो आणि पट्टेही दिसतात.

मात्र उभे पट्टे दिसले की लगेच गेंड्याचे नाते जोडता येत नाही. दक्षिण अमेरिका इतर खंडांपासून तुटलेली असताना तिथे अॅस्ट्रापोथेरियमसारखे अवजड खुरी प्राणी वावरत होते. गेंड्यांशी त्यांचे जवळचे नाते नाही. तरी त्यांच्या एनॅमलमध्येही पट्टे उभेच आहेत. वंशाने दिलेले काय आणि गरजेने घडवलेले काय, हे तिथे एका दातावरून ठरत नाही. कवटी, पायांची हाडे आणि खडकाचे वय शेजारी मांडून बसावे लागते.